एनमॅप: कोणता ऑप्शन आधी, कोणता नंतर

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात दर वर्षी दोनतीन नवी मुलं-मुली शिकायला येतात. रबाळे-महापेच्या एमआयडीसीतले कारखाने, नौपाड्यातली सीएंची ऑफिसं, ऐरोलीतले दवाखाने यांची नेटवर्क तपासून देणं हे आमचं काम. त्यासाठी आम्ही एनमॅप वापरतो. नेटवर्कवर कुठली मशीन आहेत आणि त्यांचे कुठले पोर्ट, म्हणजे वेगवेगळ्या सेवांची क्रमांक दिलेली दारं, उघडे आहेत हे शोधून सांगणारा हा प्रोग्रॅम. पहिल्या दिवशी बहुतेक जण एकच कमांड पाठ करून आलेले असतात: डॅश कॅपिटल ए, टी चार, सगळे पोर्ट आणि पुढे अख्खी रेंज. ती चालते, यात शंका नाही. पण उत्तर पडद्यावर आलं की त्यातली कुठली ओळ कशामुळे आली हे त्यांना सांगता येत नाही, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर काय बेतलं हेही कळत नाही. त्यांना मी जे शिकवते ते इथे क्रमाने लिहिते आहे. एनमॅपचा प्रत्येक ऑप्शन हा समोरच्या मशीनला विचारलेला एक प्रश्न आहे. लहान प्रश्न आधी विचारायचा, आणि त्याच्या उत्तरावरून पुढचा ठरवायचा.

लिहिण्याची पद्धत आधी सांगते. लेख देवनागरीत असला तरी कमांड इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची. आम्ही ऑफिसात एकमेकांना जशी बोलून सांगतो तशी ती इथे लिहिली आहे. मी ‘कॅपिटल’ म्हटलं नसेल तर अक्षर स्मॉल समजा. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण एनमॅपमध्ये स्मॉल ओ आणि कॅपिटल ओ, स्मॉल एन आणि कॅपिटल एन यांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत.

आधी कागद

कीबोर्डला हात लावायच्या आधी आमच्याकडे एका पानाचं पत्र लागतं, मालकाच्या सहीशिक्क्याचं. कुठली आयपी रेंज, म्हणजे मशीनच्या पत्त्यांचा कुठला पट्टा, तपासायचा, कुठल्या तारखेला किती ते किती, कुठल्या यंत्रांच्या वाटेला जायचं नाही, आणि काही बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, एवढं त्यात हवं. तोंडी ‘हो, करा की’ पुरत नाही. संध्याकाळी सर्व्हर बसला तर तो ‘हो’ कुणाला आठवत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ४३ दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये विनापरवानगी शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सहा तासांच्या आत कळवायच्या घटनांची यादी आहे. महत्त्वाच्या नेटवर्कवर रोख धरून केलेलं स्कॅनिंग त्या यादीत पहिल्याच क्रमांकावर आहे. म्हणजे तुम्ही ‘नुसतं बघत होतो’ म्हणालात तरी समोरच्याला ते वर कळवावं लागू शकतं. सोसायटीचे सीसीटीव्ही, कॉलेजचं वायफाय, स्टेशनवरचं फुकट वायफाय, यातलं काहीही तुमचं नाही. तुम्ही राहता, शिकता किंवा लोकलची वाट बघता म्हणून ते तुमचं होत नाही.

मग सराव कुठे करायचा? घरचा राउटर, स्वतःचा लॅपटॉप, जुना फोन, एखादं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक). शिवाय एनमॅपवाल्यांनी सरावासाठी स्वतःचंच एक मशीन उघडं ठेवलं आहे: स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग. दिवसातून दोनचार वेळा स्कॅन करायला त्यांची हरकत नाही, शंभरदा करू नका असं ते स्वतःच सांगतात. गॉर्डन लायन, म्हणजे नेटवर्कच्या जगातला फ्योदोर, याने १९९७ च्या सप्टेंबरात फ्रॅक नावाच्या ऑनलाइन मासिकात एनमॅपचा कोड छापला. तेव्हापासून ते फुकट मिळतं आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो.

उबंटू लिनक्सवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एनमॅप’ केलं की काम झालं. ‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालव. विंडोजवर इन्स्टॉलर चालवा, त्यात एनपीकॅप नावाचा भाग येतो, त्याची खूण काढू नका. झेनमॅप हा खिडक्यांचा अवतारही मिळतो, पण सुरुवात काळ्या पडद्यावर केलेली बरी. तिथे प्रत्येक अक्षर तुम्ही स्वतः टाइप करता, त्यामुळे ते लक्षात राहतं.

हजेरी

पहिला प्रश्न एवढाच: या रेंजमध्ये कोण कोण आहे? स्वतःचा पत्ता विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ने, लिनक्सवर ‘आयपी एडीडीआर’ने बघा. समजा तो १९२.१६८.१.३४ निघाला आणि मास्क नेहमीचा (२५५.२५५.२५५.०) असेल, तर रेंज १९२.१६८.१.०/२४, म्हणजे २५६ पत्ते.

त्याच्याही आधी एकदा ‘एनमॅप डॅश एस कॅपिटल एल’ आणि पुढे रेंज द्या. यात त्या मशीनना काहीच पाठवलं जात नाही, फक्त पत्त्यांची यादी छापली जाते आणि डीएनएसला, म्हणजे पत्त्यांची नावं ठेवणाऱ्या सेवेला, नावं विचारली जातात. इतकं निरुपद्रवी असून मी ते का करायला लावते? स्लॅशनंतरचा आकडा चुकला की रेंज कुठल्या कुठे जाते. २४ च्या जागी १६ पडलं तर २५६ ऐवजी ६५,५३६ पत्ते. पत्रात लिहिलेली रेंज आणि पडद्यावरची रेंज ताडून बघायची ही जागा आहे.

मग हजेरी: ‘सुडो एनमॅप डॅश एस एन’ आणि रेंज. हा पोर्ट स्कॅन करत नाही. तुम्ही त्याच लॅनवर, म्हणजे ऑफिसच्या आतल्या त्याच नेटवर्कवर, असाल तर तो एआरपीने विचारतो, ‘हा पत्ता कुणाचा?’ आणि फायरवॉल लावलेलं विंडोज मशीनही याला उत्तर देतं, कारण एआरपीला उत्तर दिलं नाही तर त्या लॅनवर त्याचं स्वतःचंच काम चालणार नाही. राउटरच्या पलीकडच्या मशीनला मात्र तो पिंग, ४४३ वर एक सिन (जोडणीची विनंती), ८० वर एक ॲक (पोच) आणि टाइमस्टॅम्पची विचारणा अशा चार गोष्टी पाठवून बघतो. सुडो विसरलात तर यातलं काही जमत नाही. तो फक्त ८० आणि ४४३ वर कनेक्ट करून पाहतो आणि अर्धी मशीन हजेरीतून गळतात. नवशिक्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

उत्तरात प्रत्येक पत्त्याखाली मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, आणि कंसात उत्पादकाचं नाव येतं. हे नाव मॅकच्या पहिल्या अर्ध्या भागावरून काढलेलं असतं. आता खुर्ची सोडायची, वही घ्यायची आणि ऑफिसभर फिरून प्रत्येक वस्तू मोजायची. पीसी, प्रिंटर, बायोमेट्रिक, वायफायचे डबे, कॅमेऱ्याचा डीव्हीआर. रबाळ्याच्या एका कारखान्यात हजेरीत एकतीस पत्ते आले आणि आमच्या वहीत तीस वस्तू होत्या. एकतिसावा शोधायला अर्धा दिवस गेला. फॉल्स सीलिंगच्या वर, आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला एक वायफायचा डबा अजून वीज खात बसला होता, आणि त्याचा पासवर्ड डब्याच्या पोटावरच चिकटवलेला होता. त्या दिवशी एकाही पोर्टला हात न लावता सगळ्यात मोठं भोक सापडलं.

‘डॅश कॅपिटल पी एन’ बद्दल इथेच सांगते. हजेरी न घेता सगळे पत्ते हजर आहेत असं धरून चाल, असा त्याचा अर्थ. राउटरपलीकडचं एखादं मशीन पिंगला उत्तर देत नाही पण आहे हे नक्की ठाऊक असेल, तर त्या एका पत्त्यासाठी वापरा. पलीकडच्या अख्ख्या रेंजवर लावलात तर रिकाम्या पत्त्यांवर तासन्‌तास जातील.

पोर्ट

एका मशीनवर टीसीपीचे, म्हणजे आधी जोडणी करून बोलण्याच्या पद्धतीचे, ६५,५३५ पोर्ट असू शकतात. काहीच सांगितलं नाही तर एनमॅप त्यातले जास्तीत जास्त वापरात असलेले १,००० तपासतो. ‘डॅश कॅपिटल एफ’ दिलं तर फक्त १००. ‘डॅश पी’ आणि पुढे २२,८०,४४३,४४५,३३८९ असं लिहिलं तर तेवढेच. ‘डॅश पी डॅश’ म्हणजे १ पासून ६५,५३५ पर्यंत सगळे. मी सुरुवात पाच पोर्टांनी करते, मग १,०००, आणि सगळे पोर्ट फक्त सर्व्हरवर, तेही ऑफिस सुटल्यावर.

सुडोने चालवलं तर स्कॅनचा प्रकार आपोआप ‘डॅश एस कॅपिटल एस’ असतो. हा सिन पाठवतो, उत्तराचा सिन-ॲक आला की जोडणी पूर्ण न करता मोडतो. सुडो नसेल तर ‘डॅश एस कॅपिटल टी’, म्हणजे पूर्ण जोडणी. तपासणीच्या दृष्टीने दोन्हींची उत्तरं जवळपास सारखीच, पण दुसरा हळू आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जास्त ओळी पाडणारा.

खरं शिकायचं आहे ते उत्तरातल्या तीन शब्दांत. ‘ओपन’ म्हणजे त्या पोर्टवर कुणीतरी ऐकतंय. ‘क्लोज्ड’ म्हणजे मशीनने स्वतः सांगितलं, इथे कुणी नाही, यात आरएसटी, म्हणजे नकाराचं, पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा छोटा निरोप) परत येतं. ‘फिल्टर्ड’ म्हणजे उत्तरच आलं नाही, किंवा मधल्या कुणीतरी अडवल्याचा निरोप आला. नवी मुलं ‘फिल्टर्ड’ला ‘सुरक्षित’ असं रिपोर्टमध्ये लिहितात. तसं लिहू नका. तुमच्या खुर्चीवरून दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. तोच पोर्ट पलीकडच्या खोलीतल्या स्विचवरून उघडा दिसू शकतो. शंका आली की ‘डबल डॅश रीझन’ जोडा, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे हा निष्कर्ष कुठल्या पॅकेटवरून काढला ते छापून येतं. माझ्या मते पहिला महिनाभर हा ऑप्शन प्रत्येक स्कॅनला लावावा.

एक ओळ जवळून बघू. ‘४४५/टीसीपी, ओपन, मायक्रोसॉफ्ट-डीएस’. यातला शेवटचा शब्द एनमॅपने समोरच्याला विचारून लिहिलेला नाही. ४४५ वर बहुधा हीच सेवा असते म्हणून त्याच्या तक्त्यातून उचलला आहे. त्या पोर्टवर उद्या कुणी दुसरंच काही चालवलं तरी शब्द तोच येईल.

४४५ हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट, आणि आपल्या भागात त्याची आठवण ठेवायला कारण आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला तेव्हा न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं होतं. एका मशीनवरून दुसऱ्यावर जाण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच, विंडोजच्या शेअरिंगमधली फट. त्या फटीचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. म्हणून कारखान्यात गेले की माझ्या पाच पोर्टांत ४४५ असतोच.

यूडीपीसाठी, म्हणजे जोडणी न करता नुसतं पाठवून देण्याच्या पद्धतीसाठी, ‘डॅश एस कॅपिटल यू’. इथे मौनाचे दोन अर्थ निघतात, म्हणून उत्तर बरेचदा ‘ओपन किंवा फिल्टर्ड’ असं येतं. शिवाय लिनक्स मशीन ‘पोर्ट बंद आहे’ हा निरोप साधारण सेकंदाला एकच पाठवतं, त्यामुळे सगळे यूडीपी पोर्ट तपासायला अठरा तासांहून जास्त लागू शकतात. ५३, १२३, १६१ एवढेच बघा आणि पुढे चला.

व्हर्जन, आणि प्रिंटरची गोष्ट

आता ‘डॅश एस कॅपिटल व्ही’. उघड्या पोर्टवर कुठलं सॉफ्टवेअर, कुठल्या आवृत्तीचं, हे तो विचारतो. त्यासाठी तो त्या पोर्टला वेगवेगळ्या भाषांत हाका मारतो आणि उत्तर ओळखीचं वाटतं का ते पाहतो. किती जोर लावायचा ते ‘डबल डॅश व्हर्जन-इंटेन्सिटी’ने ० ते ९ मध्ये ठरवता येतं. सांगितलं नाही तर ७ असतो. जुनी यंत्रं असतील तिथे मी २ वर ठेवते.

या हाका सगळ्यांना सोसत नाहीत. प्रिंटरचा ९१०० पोर्ट मिळेल ते कागदावर उतरवतो, म्हणून एनमॅप व्हर्जन विचारताना ९१०० ते ९१०७ हे पोर्ट आपणहून वगळतो. आमच्याकडच्या एका मुलीने एका पॅकिंग युनिटमध्ये ‘डबल डॅश ऑलपोर्ट्स’ जोडलं. तिला वाटलं, याचा अर्थ सगळे पोर्ट तपासा. त्याचा खरा अर्थ आहे, वगळलेल्या पोर्टांनासुद्धा हाका मार. डिस्पॅचच्या खोलीतून धावत माणूस आला: "ताई, चलनांचा प्रिंटर वेड्यासारखा कागद ओकतोय." प्रत्येक कागदावर एकच ओळ, अर्धवट अक्षरांची. त्या तिच्याच हाका होत्या. ट्रक बाहेर उभे, चलन निघेना. ती रडवेली झाली होती, पण चूक शिकवणाऱ्यांची, म्हणजे आमची होती, कारण ऑप्शनचं नाव आणि अर्थ यातलं अंतर आम्ही तिला दाखवलं नव्हतं. आता पत्रातल्या ‘वाटेला जायचं नाही’ या रकान्यात प्रिंटर, बायोमेट्रिक, वजनकाटे आणि मशीनचे पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे संगणक) आधीच लिहितो आणि ते पत्ते एका फाइलीत टाकून ‘डबल डॅश एक्स्क्लूडफाइल’ने वगळतो.

आवृत्ती कळली की लगेच ‘जुनी आहे, धोका आहे’ असं लिहू नका. डेबियन, उबंटू, रेडहॅट यांचे लोक सुरक्षेचा पॅच जुन्याच आवृत्तीत मागाहून बसवतात. क्रमांक जुना दिसतो, फट बुजलेली असते. मशीनवर लॉगिन करून पॅकेजचा पूर्ण क्रमांक बघितल्याशिवाय ही खातरजमा होत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम ओळखायला ‘डॅश कॅपिटल ओ’. हा अंदाज आहे, आणि निदान एक उघडा व एक बंद पोर्ट सापडला तरच तो भरवशाचा.

स्क्रिप्ट

इथपर्यंत एनमॅप फक्त पाहत होता. फट आहे का हे तपासायला त्याच्यासोबत लुआ नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या शेकडो स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, येतात, आणि त्यांचे गट पाडलेले आहेत. ‘डॅश एस कॅपिटल सी’ म्हणजे ‘डिफॉल्ट’ गट. ‘सेफ’ गटातल्या स्क्रिप्टनी सहसा कुणाला त्रास होत नाही. ‘इंट्रुझिव्ह’ (घुसखोर), ‘डॉस’ (सेवा बंद पाडणारा), ‘एक्स्प्लॉइट’ (फटीचा फायदा घेणारा) हे गट नावाप्रमाणेच आहेत, शिकाऊ माणसाने त्यांच्याकडे फिरकू नये. ‘व्हल्न’ गट फटी शोधतो, पण त्यातल्या काही स्क्रिप्ट ‘इंट्रुझिव्ह’ आणि ‘डॉस’मध्येही मोडतात. म्हणून ‘डबल डॅश स्क्रिप्ट व्हल्न’ अख्ख्या रेंजवर सोडणं मला पसंत नाही.

त्याऐवजी एक मशीन, एक पोर्ट, एक स्क्रिप्ट. ४४५ उघडा दिसला ना? मग ‘डॅश पी ४४५ डबल डॅश स्क्रिप्ट’ आणि पुढे ‘एसएमबी-व्हल्न-एमएस१७-०१०’, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच फटीची तपासणी. चालवायच्या आधी ‘डबल डॅश स्क्रिप्ट-हेल्प’ आणि स्क्रिप्टचं नाव टाकून ती काय करते, कुठल्या गटात आहे ते वाचा. यात काही पाठवलं जात नाही, दोन मिनिटं जातात. ‘व्हल्नर्स’ नावाची स्क्रिप्ट आवृत्तीवरून ज्ञात फटींची लांबलचक यादी काढते. पण त्यासाठी ती सॉफ्टवेअरची नावं बाहेरच्या सेवेला पाठवते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. आणि ती यादी क्रमांकावरूनच काढलेली असल्याने मागाहून बसवलेल्या पॅचची अडचण तिलाही आहे.

मशीनच्या आत शिरून, लॉगिन घेऊन सगळे पॅच तपासायचे असतील तर ओपनव्हास या फटी तपासणाऱ्या साधनाकडे वळा. ते काम एनमॅपचं नाही.

वेग

‘डॅश कॅपिटल टी’ आणि ० ते ५. न सांगितल्यास ३. चांगल्या वायरच्या लॅनवर ४ चालतो. ५ मध्ये तो उत्तराची पुरेशी वाट न बघता पुढे जातो आणि उघडे पोर्ट सुटतात, म्हणून मी तो वापरत नाही. २ मध्ये प्रत्येक विचारणेत ०.४ सेकंदाचं अंतर पडतं, म्हणजे १,००० पोर्टांच्या एका मशीनला जवळपास सात मिनिटं. जुन्या कारखान्यात मी ती सात मिनिटं देते. ‘डबल डॅश मॅक्स-रेट’ने सेकंदाला कमाल किती पॅकेट जायची तेही बांधून देता येतं. मध्येच कुठवर आलं ते बघायला एंटर दाबा, टक्केवारी दिसते.

सुरुवातीच्या त्या पाठ केलेल्या कमांडकडे आता बघा. ‘डॅश कॅपिटल ए’ म्हणजे कॅपिटल ओ, एस कॅपिटल व्ही, एस कॅपिटल सी आणि ट्रेसरूट (वाटेत कुठले राउटर लागतात ते), चारही एकदम. हे चार प्रश्न वेगवेगळे विचारून झाल्यावर, ज्या मशीनबद्दल खात्री आहे तिच्यावर ते खुशाल वापरा.

उत्तर जपून ठेवा

पडद्यावरचं उत्तर खिडकी बंद केली की गेलं. ‘डॅश ओ कॅपिटल ए’ आणि पुढे फाइलीचं नाव द्या, नावात जागा आणि तारीख असू द्या. वाचायची साधी, ग्रेप या शोधायच्या कमांडने चाळायची आणि इतर प्रोग्रॅमना वाचायला एक्सएमएल अशा तीन फाइली तयार होतात. वीज गेली तर साधी फाइल ‘डबल डॅश रिझ्यूम’ला देऊन अर्धवट स्कॅन पुढे चालू करता येतो. या फाइली म्हणजे गिऱ्हाइकाच्या नेटवर्कचा नकाशा आहे. त्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका, एन्क्रिप्ट करून द्या आणि काम संपल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवरून पुसा किंवा कुलपात ठेवा.

पुढच्या महिन्यात तोच स्कॅन, तेच ऑप्शन, आणि मग ‘एनडिफ’ला, म्हणजे दोन स्कॅनमधला फरक दाखवणाऱ्या साधनाला, जुनी व नवी एक्सएमएल फाइल द्या. बदललेल्या ओळींपुढे अधिक आणि उणे चिन्हं येतात. नौपाड्यातल्या एका ऑफिसात असंच अकाउंटंटच्या मशीनसमोर ३३८९ अधिक चिन्हासह उगवला. फोन केला तर कळलं, सॉफ्टवेअर दुरुस्तीला आलेल्या माणसाने रिमोट डेस्कटॉप चालू केला होता आणि जाताना बंद करायचा राहिला. त्यांनी तो बंद केला. मी पुन्हा अख्खी रेंज स्कॅन केली नाही. त्या एका पत्त्यावर ‘डॅश पी ३३८९ डबल डॅश रीझन’ एवढंच विचारलं. फिल्टर्ड, कारण ‘नो-रिस्पॉन्स’. मग त्यांच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवरून तेच पुन्हा विचारायला लावलं, तिथूनही उत्तर तेच आलं, तेव्हा वहीत तारीख टाकली.